परत करायचं भांडं

स्टेगलबाई गेल्या तेव्हा चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्यांना थेट संतांच्या रांगेत नेऊन बसवलं. "सगळं गाव घाबरून पळत होतं तेव्हा ही एक बाई तत्त्वासाठी जागेवर उभी राहिली," असं म्हणाले. मी मागच्या बाकावर बसले होते. हातरुमाल तोंडाला लावला, तो हसू लपवायला. तत्त्व कसलं डोंबलाचं! लोरीन स्टेगल जागेवर राहिली ती शिवणाच्या मशिनींसाठी. मी त्यांच्याबरोबर एकाच शाळेत शिकवलंय, त्या शिवण आणि मी गणित. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते पाद्रीबाबांना ठाऊक असायचं कारण नाही. आणि पाद्रीबाबा स्वतः त्या दुसऱ्या शाळेत शिकलेले, हेही आहेच.

ती दुसरी शाळा म्हणजे हॅटन्स बेंड ॲकॅडमी. आता तिच्या पत्र्याच्या इमारतीत सोयाबीनचं बियाणं ठेवतात. तिच्यावर छापलेल्या पुस्तिकेत लिहिलंय की गावातल्या पालकांना मुलांना चांगलं वळण आणि धर्माचं शिक्षण द्यायचं होतं, म्हणून ती काढली. वळणाची ही हौस त्यांना नेमकी कोर्टाचा हुकूम आला त्याच महिन्यात झाली, हे पुस्तिकेत नाही. मिसिसिपीच्या या सपाट मुलखात गोऱ्यांची शाळा रुळांच्या अलीकडे आणि आम्हा काळ्यांची पलीकडे, असं माझ्या आजीच्या काळापासून चाललं होतं. एकोणीसशे एकोणसत्तरच्या अखेरीस कोर्टाने सांगितलं, दोन्ही शाळा एक करा, आणि आत्ताच्या आत्ता, येत्या जानेवारीपासून करा. गोऱ्यांनी नाताळच्या सुट्टीत आपली नवी शाळा काढली.

त्या शाळेने गावाचं काय केलं ते सगळे जाणतात. एका घराचं काय केलं ते मी सांगते. स्टेगलबाईंची एकुलती एक लेक ग्लेंडा त्यांच्यापासून चार गल्ल्यांवर राहायची. तिथे तिचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. पण त्या वर्षानंतर ती आईच्या टेबलाशी जेवायला बसली नाही. स्टेगलबाईंना पुढच्या सगळ्या आयुष्यात मागायचं होतं ते एवढंच, की लेकीने एकदा येऊन आपल्या हातचे चार घास खावेत.

तर ती नाताळची सुट्टी. गोऱ्यांचे ट्रक शाळेच्या दाराशी लागले. बक्षिसांचे कप आणि ढाली गेल्या, बँडचे ढोल गेले, टाइपरायटर गेले, पियानो गेला. फुटबॉलच्या मैदानावरचे दिवेसुद्धा उतरवले. सगळं सामान बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात आणि कुणाकुणाच्या गोदामात. ट्रक भरून घेत होते ते बँकेचे मालक क्रॅडॉक. ते शिवणाच्या खोलीशी आले तर दाराला आतून कडी.

"लोरीन, पोरं मशिनी न्यायला आलीत. उघड दार."

"नेऊन ठेवणार कुठे?"

"सध्या माझ्या कोठारात. सप्टेंबरपर्यंत आपली इमारत उभी राहतेय."

"कोठारात? उंदरांना शिवण शिकवायचं ठरवलंय का?"

"लोरीन, तू आपल्या बाजूची आहेस ना?"

"मी मशिनींच्या बाजूची आहे. माझ्या मुलींनी वर्षानुवर्षं कोंबड्या तळून, गावाला जेवणं विकून घेतल्यात त्या. आधी खोली बांधा, वीज आणा, लाकडाची जमीन घाला. मग बोलवा, मी मशिनींच्या मागोमाग येते. तोवर इथेच आहे."

हे स्टेगलबाईंनी मला स्वतः सांगितलंय, क्रॅडॉकांच्या आवाजाची नक्कल करून. म्हणजे त्या राहिल्या त्या सप्टेंबरपर्यंत. वर्षाचा शेवट गाठायचा आणि निघायचं, एवढाच बेत होता. यात शौर्य शोधणाऱ्याने खुशाल शोधावं.

जानेवारीत आम्ही मुलांना घेऊन रुळांच्या अलीकडे आलो तेव्हा शाळेच्या भिंतींवर नुसते खिळे उरले होते. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, ज्यांनी माझ्यासकट अर्ध्या वस्तीला शिकवलं, त्या माणसाला नव्या शाळेत बसगाड्या बघायचं काम दिलं. माझं डोकं तेव्हापासून तापलेलं आहे ते अजून पुरतं निवलेलं नाही. तशात पहिल्याच दिवशी शिवणाच्या खोलीच्या दारात ही ठेंगणी, गोरी, गळ्यात टेप टाकलेली बाई मला म्हणते, "आर्व्हेला, तुझ्या मुलींना सांगून ठेव, मशिनीला हात लावण्याआधी हात धुवायचे."

मी म्हटलं, "नुसती आर्व्हेला नाही, मिसेस टॉलिव्हर. आणि आमच्या मुलींचे हात स्वच्छच असतात. तुमच्या त्या आधीच्या मुलींनाही हेच सांगत होतात का?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "हो. सगळ्यांनाच सांगते. कापड मळतं."

आणि ते खरंच होतं. बाई अशीच होती. मनात काळंबेरं होतं, ते तिथल्या सगळ्यांच्याच मनात होतं, पण नियम सगळ्यांना सारखा. आमच्या मुली महिन्याभरात तिला टरकूनही होत्या आणि तिच्याभोवती घुटमळतही होत्या. टीप वाकडी गेली की बाई उसवायला लावायची, रडलं तरी उसवायला लावायची.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. ग्लेंडाचं शाळेचं शेवटचं वर्ष. ती चर्चच्या तळघरातल्या ॲकॅडमीत जायची आणि तिथे पोरी तिला डिवचायच्या, "तुझी आई तिकडे काळ्यांचे परकर शिवतेय ना गं?" ग्लेंडा घरी येऊन दप्तर आपटायची.

"सगळ्यांच्या आया तिथे आहेत. तूच नाहीस."

"सप्टेंबरपर्यंत थांब की गं."

"मी सप्टेंबरमध्ये तिथे नसणार, ममा. माझं हे एकच वर्ष आहे."

मार्च महिन्यात हॉयट स्टेगल, बाईंचा नवरा, त्याच्या खताबियाण्याच्या दुकानात पोत्यांवरच कोसळला आणि गेला.

आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरच्या बाईला स्वयंपाक करू देत नाहीत. शेजारपाजारच्या, चर्चमधल्या बायका जेवण करून आणतात. कोंबडी आणि भात, मॅकरोनी, शेंगा, मक्याचा पाव. आणतात ते आपल्या घरच्या चांगल्या काचेच्या भांड्यात, आणि भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव घालतात. पंधरा दिवसांनी, महिन्याने, त्या घरची बाई भांडं धुऊन पुसून ज्याचं त्याच्या घरी स्वतः घेऊन जाते. गेलं की बसायचं. गार चहा घ्यायचा. अंत्ययात्रेच्या दिवशी जे रडू आलं नाही ते त्या वेळी येतं. जेवण तर कुठूनही आणता येईल, पण भांडं परत करायला म्हणून माणूस घराबाहेर पडतं, आणि ते फार गरजेचं असतं. ही रीत रुळांच्या दोन्ही बाजूंना एकच. फक्त रूळ ओलांडून भांडी जात नव्हती.

आम्ही शाळेतल्या तिघी बायका भांडी घेऊन गेलो. मी मॅकरोनी केली होती. गोऱ्यांच्या घरी काळ्यांनी मागच्याच दाराने जायचं, त्या जुन्या सवयीने मागच्या दाराने गेलो. बाईंनी दार उघडलं, भांडी घेतली, आमच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून मला जेवणाचं टेबल दिसलं. ते गच्च भरलेलं होतं. गोऱ्या बायकांनी काही कमी केलं नव्हतं. पण एकूण एक जेवण ॲल्युमिनियमच्या पातळ ताटल्यांत होतं, त्या एकदा वापरून फेकायच्या असतात तसल्या. काचेचं एक भांडं नाही, चिनी मातीचं नाही. फेकायच्या ताटलीचा अर्थ आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. परत करायला येऊ नकोस, असा तो अर्थ. मला बाईंबद्दल फारसं प्रेम नव्हतं, तरी ते बघवलं नाही.

बाई शाळेत परत आल्या तेव्हा एका खोक्यात आमची भांडी घेऊन आल्या आणि शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर मांडली. लख्ख धुतलेली.

"ज्याचं त्याने घेऊन जा. आभारी आहे," म्हणाल्या.

बाकीच्या दोघींनी आपापलं उचललं. मी नाही.

"हे तुझंच ना, आर्व्हेला?"

"माझंच आहे. ते तुमच्या घरी माझ्या पायांनी आलं होतं. माझ्या घरी ते तुमच्या पायांनी यायला हवं."

बाई लालबुंद झाल्या. गोरी बाई काळ्या माणसाच्या घरी जाऊन बसते हे त्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. मला तेही ठाऊक होतं आणि म्हणूनच मी तसं बोलले. भांडं त्या टेबलावर तसंच राहिलं. लोक त्याच्या कडेकडेने कॉफीचे कप ठेवायचे. "टॉलिव्हरबाईंना भलताच ताठा," असं आमच्यातलेच म्हणायला लागले. म्हणेनात का.

एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, समोरच्या घरची म्हातारी ओरडली, "अगं आर्व्हेला, तुझ्या अंगणात गोरी बाई उगवलीय! हिला चहा द्यायचा की शेरीफला बोलवायचं?"

बाहेर येऊन बघते तर स्टेगलबाई. डोक्यावर चर्चची टोपी, हातात माझं भांडं. सगळी गल्ली आपापल्या ओसरीवर येऊन बघत होती. बाई एकदा पुढच्या दाराकडे बघायच्या, एकदा घराच्या बगलेने मागे जाणाऱ्या वाटेकडे. कुठल्या दाराने यायचं ते त्यांना कळत नव्हतं. मीही सांगितलं नाही. शेवटी त्या पुढच्या पायऱ्या चढल्या.

मी त्यांना टेबलाशी बसवलं. गार चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मिसेस टॉलिव्हर, तुम्ही पाहिल्यात ना त्या ताटल्या?"

"पाहिल्या."

"माझ्याच होत्या त्या."

"म्हणजे?"

"कोंबडीची जेवणं विकायचो ना आम्ही, त्यातल्या उरलेल्या. मी एक ताटली फेकू देत नसे. आपल्या ओळखू याव्यात म्हणून काठाला खिळ्याने भोकं पाडून ठेवायचे. आख्खी पेटी माझ्या घरात फडताळावर होती. आणि जेवण आलं ते त्याच ताटल्यांत."

मला वाटलं, दुःखाने बाई भरकटली. ताटल्या कुणाच्या का असेनात, अपमान तर झाला ना? मी नुसतं "अरेरे" म्हटलं. त्यावर त्या रडल्या. बराच वेळ रडल्या, नाक लाल होईपर्यंत. मग टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये मी जाणार नाही. मशिनीही जाणार नाहीत. गावाने मला फेकायच्या ताटलीत जेवण दिलं, आता गावाने मला तिकडे बोलवायचं नाही." जाताना माझं भांडं रिकामं ठेवून गेल्या, पण पुढच्या रविवारी त्यांच्या भांड्यातून पीचचं गोड आलं, आणि ते भांडं परत करायला मला जावं लागलं. पुढच्या दाराने. तेव्हापासून आमच्यात कुणाचं ना कुणाचं भांडं कायम अडकलेलं असायचं.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुली शाळा संपल्याच्या समारंभाचा पांढरा झगा स्वतः शिवतात. त्या मे महिन्यात बाईंनी एक झगा जास्तीचा शिवला, ग्लेंडाच्या मापाचा. ग्लेंडाने मेम्फिसहून आणलेला घातला. सप्टेंबरमध्ये क्रॅडॉकांचा निरोप आला की खोली तयार आहे, जमीन लाकडाची आहे. बाईंनी उलट निरोप धाडला की फार छान, तिथे आता उंदीर पाळा.

ॲकॅडमी फोफावली. सोयाबीनच्या शेतात पत्र्याची लांबलचक इमारत, पुढे विटांचा दर्शनी भाग. आमच्या शाळेचे रंग त्यांचे झाले, आमचे कप त्यांच्या कपाटात. ज्यांना फी झेपत नव्हती त्यांनी जमिनी गहाण टाकल्या पण पोरं आमच्याकडे धाडली नाहीत. ग्लेंडाने क्रॅडॉकांच्याच मुलाशी लग्न केलं आणि तिथल्या आयांच्या मंडळाची ती वर्षानुवर्षं प्रमुख होती. नाताळला ती मुलांना घेऊन आईकडे यायची, ओसरीवर उभ्या उभ्या भेटवस्तू द्यायची आणि निघायची.

"ये ना आत. ताट मांडलंय," बाई म्हणायच्या.

"नको ममा, तिकडे सगळे थांबलेत."

बाई दरवर्षी ते ताट मांडायच्या आणि दरवर्षी तसंच कोरडं उचलून ठेवायच्या. मला राग यायचा. मी म्हणायचे, "कसली हट्टी पोर आहे तुमची! शाळा सुटून इतकी वर्षं झाली, अजून राग धरते?" बाई लेकीबद्दल वावगा शब्द काढायच्या नाहीत. गावाला मात्र भरपूर शिव्या द्यायच्या. क्रॅडॉक, त्यांची बायको, चर्चच्या बायका, कुणाला सोडलं नाही. "ताटलीत जेवण देणारी माणसं," असं म्हणायच्या.

मग कापूस वेचायला यंत्रं आली, माणसं गेली. शेतं मोठी झाली आणि गाव लहान. ॲकॅडमीने पुस्तिकेत "सर्वांचं स्वागत" छापून बघितलं. त्या स्वागताला आमच्यातलं कोण जाणार होतं? शेवटी ती बंद पडली. एका सकाळी आमच्या शाळेच्या पायरीवर खोकी ठेवलेली सापडली. आत जुने कप, पोचे आलेले, काळे पडलेले. आणून ठेवणाऱ्याने तोंड दाखवलं नव्हतं. ग्लेंडाची नातवंडं आता आमच्याच शाळेत येतात. शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटर आहेत.

ॲकॅडमी बंद पडल्यावर दोन वर्षांनी स्टेगलबाई गेल्या. मी मॅकरोनी केली, जुन्याच काचेच्या भांड्यात, तळाला नवी चिकटपट्टी, वर आर्व्हेला टॉलिव्हर. ग्लेंडाच्या विटांच्या मोठ्या घरी पुढच्या दाराने गेले. तिने भांडं हातात घेतलं, खालून चाचपलं, आणि तिचा चेहरा पडला.

"हे परत आणून द्यावं लागेल," म्हणाली.

"रीत तशीच आहे."

महिना गेला. मी मनाशी म्हटलं, पाठवील ड्रायव्हरबरोबर. नाहीतर ओसरीवर ठेवून जाईल, कपांसारखं. गेलं भांडं तर गेलं.

एक दिवस दुपारी ती आली. साठीला आलेली बाई, आईसारखीच ठेंगणी. आईसारखीच पायऱ्यांपाशी घोटाळली. मी तिला त्याच टेबलाशी बसवलं आणि चहा ओतला. तिने भांडं मधोमध ठेवलं, त्यावरचा हात काही काढेना.

"मिसेस टॉलिव्हर, बाबा गेले तेव्हाच्या त्या ताटल्या. त्या क्रॅडॉकसासूबाईंनी नव्हत्या ठरवल्या. कुणीच नव्हत्या. सगळ्या जणी चर्चच्या स्वयंपाकघरात काचेची भांडी काढून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुझ्या आईला झेपेल का गं भांडी परत करत फिरायला? मी म्हटलं, नाही झेपणार. आणि घरून ताटल्यांची पेटी नेऊन दिली."

"का गं?"

"वाटलं, एकटी पडली की येईल माझ्याकडे. सतरा वर्षांची होते हो मी. मग ती तिकडेच राहिली, आणि कशामुळे राहिली ते अख्ख्या गावात मला एकटीला माहीत. तिच्या टेबलाशी बसले असते तर तोंडून निघालंच असतं. म्हणून बसलेच नाही."

माझ्या डोळ्यांपुढे चर्चची ती टोपी आली, खिळ्याने पाडलेली भोकं आली, घरातल्या फडताळावरची पेटी आली. घरातली पेटी घराबाहेर कोण नेणार? बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं मला, याच खुर्चीवर बसून. गणिताची बाई मी, आणि एवढी साधी बेरीज मला जमली नव्हती.

"आईला कळलं नसेल ना कधी?" ग्लेंडा म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या शाळेने आमच्या मुलांचे ढोल नेले, दिवे नेले, आमच्या मुख्याध्यापकांचा मान नेला. मी कुणाला गोड वाटावं म्हणून खोटं बोलायला बांधलेली नाही. आणि शिवाय एवढं सांगायचं मी बाईंचं देणं लागत होते.

"पहिल्या दिवसापासून कळलं होतं," मी म्हटलं. "त्या ताटल्यांना तिची खूण होती."

"मग ती मला बोलली का नाही? गावाला का शिव्या देत राहिली?"

"तुला द्याव्या लागू नयेत म्हणून. आणि दर नाताळला ते ताट कुणासाठी मांडत होती असं वाटलं तुला?"

तिने भांड्यावरचा हात काढून तोंडावर ठेवला. मी तिला रडू दिलं. जवळ घेतलं वगैरे नाही, ते मला जमलं नाही. मी उठले, चुलीवर कोंबडी आणि भात होता तो गरम केला, ताट वाढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मी निघते, तिकडे..." सवयीने तिच्या तोंडून निघालं.

"कुणी थांबलेलं नाही तिकडे. जेव."

ग्लेंडा जेवली. चाळीस वर्षं उशिरा आणि चुकीच्या टेबलाशी, पण पोटभर जेवली. उरलेलं मी त्याच भांड्यात भरून तिच्याबरोबर दिलं.